शिळ्याची दाबरोटी

आमच्या घरी डबलरोटी यायची ती कुणाला ताप आला म्हणजेच. अड्याळला त्या काळी पाव आवडीनं खाणारं कुणी नव्हतं. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या एसटीतून मेणकागदात गुंडाळलेल्या डबलरोट्या यायच्या, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर उतरायच्या आणि गावात ज्याला साधं जेवण पचत नसेल त्याच्या घरी जायच्या. हातात डबलरोटी घेऊन रस्त्यानं निघालं की ओट्यावरची माणसं विचारायची, "कोण पडलं बाप्पा?" त्यामुळे लग्न होऊन जेमतेम पंधरवडा झालेल्या आमच्या वैनीनं दादाला सगळ्यांसमोर "येताना एक डबलरोटी आणा" असं सांगितलं, तेव्हा माय जागची उठली आणि तिनं सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड निघालं. मग मायच्या चेहऱ्यावर एक वेगळीच, आनंदाची शंका उमटली. तिचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला.

वैनी नागपूरची. मी नववीत असताना ती आमच्या घरात आली. तिच्या रुखवतात शंखशिंपल्यांचे राजहंस होते, मण्यांचं तोरण होतं, काचेच्या बरणीतला साखरेचा महाल होता, आणि या सगळ्याच्या मधोमध एक अशी वस्तू होती की आमच्याकडच्या बायांना तिचा उलगडाच होईना. ॲल्युमिनियमच्या दोन चौकोनी वाट्या, एकमेकींवर बसणाऱ्या. त्यांना लांबच लांब दांडे, दांड्यांना लाकडी मुठी, आणि टोकाशी एक कडी. माझी आत्या बराच वेळ ती वस्तू उघडझाप करून पाहत राहिली आणि म्हणाली, "उंदीर धराचा दिसते. पण येवढा देखणा कायले केला?" वैनीच्या माहेरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग आला. पाहुण्यांसमोर आपल्या आत्याला कुणी हसलेलं मला खपायचं नाही. वैनीबद्दलची माझी पहिली भावना ही अशी होती, रागाची. ती टिकली असती तर फार बरं झालं असतं.

पण दादानं डबलरोटी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वैनीनं तो उंदीर धरायचा चाप चुलीपाशी आणला. आमच्याकडे धानाची शेती, त्यामुळे भात दोन्ही वेळ आणि तोही भरपूर. गडी-माणसं धरून पंगत मोठी. किती जण जेवतील याचा अंदाज मायला कधी आला नाही. ती नेहमी चार माणसं जास्त धरून रांधायची. म्हणून सकाळी पातेल्यांच्या तळाशी काही ना काही असायचंच. त्या सकाळी लाखोळीची डाळ होती. लाखोळी खाल्ली की पाय लुळे पडतात असं बाहेरची माणसं सांगत. आमच्या अख्ख्या गावानं जन्मभर लाखोळी खाल्ली आणि त्याच पायांनी धान रोवला. ही डाळ रात्री ताटात पातळ असते आणि सकाळी पातेलं उलटं केलं तरी पडत नाही. वैनीनं तिच्यात मूठभर शिळा भात कुस्करला. वांग्याची उरलेली भाजी देठं काढून मिसळली. कच्चा कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा आणि वरून बचकभर सांबार. सांबार म्हणजे इतरांची कोथिंबीर. हे मला आमच्या भागाबाहेरच्या माणसांना आजही समजावून सांगावं लागतं.

माय देवाजवळची फुलं काढता काढता हे सगळं बघत होती. "अवं, रोटीत भात घालून राहिली काय तू?" तिला राहवेना. वैनी म्हणाली, "घालून तं पाहू, सासूबाई. नाई जमलं तं मीच खाईन." तिनं डबलरोटीच्या दोन कापांना बाहेरून लोणी फासलं, मध्ये तो गोळा थापला, वाट्या मिटल्या आणि कडी सरकवली. खट्ट. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. बाहेर आलेल्या कडा तिनं बोटानं चिमटून निखाऱ्यांवर टाकल्या. त्यांचा करपल्याचा गोड वास सगळ्या घरात पसरला. मग तिनं मला बोलावलं. "ताई, इथं कान द्या. आधी चर्र वाजते, मग बारीक होते. आवाज बसला का उलटी करा. पाहायची नाई, ऐकायची." मी चुलीशी उकिडवी बसून ऐकत राहिले. रोटी बाहेर निघाली तेव्हा वरून खरपूस, कुरकुरीत आणि आतून वाफाळलेली होती, आणि हातात घेतली की चांगली जड लागायची. एक खाल्ली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नको. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे डबलरोटी नाई राहिली आता. हे तं दाबरोटी झाली." बाबांना अशी नावं सुचायची. बाबांनी ठेवलेलं नाव घरात कायमचं होई.

आमच्याकडे शिळ्याची एक रीत होती. शिळं बायकांनी खायचं, सकाळच्या चहाबरोबर, चुलीपाशी बसून. पुरुषांच्या ताटात शिळं गेलेलं माय चालवून घेत नसे, आणि पाहुण्याला शिळं वाढणं म्हणजे तर तिच्या दृष्टीनं दारातून हाकलून देण्यासारखंच. दाबरोटीनं पहिली गोष्ट मोडली. दादा, बाबा, सगळेच सकाळी "आज काय उरलं?" असं विचारत स्वयंपाकघरात डोकावू लागले. दुसरी गोष्ट मात्र तशीच राहिली. पाहुणे आले की तो चाप, म्हणजे टोस्टर, खुंटीला आणि माय ताज्या पिठाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी हे लक्षात ठेवलं नाही.

हिवाळ्यात पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची उसळ उरे, कधी झुणका, कधी मेथीची भाजी. कशात काय घालायचं याचे शोध आम्ही दोघींनी मिळून लावले. पातळ असेल तर भात वाढवायचा. झुणका असेल तर ताकाचा हबका मारायचा, नाहीतर घशाला तोठरा बसतो. दोन वर्षांत माझा हात वैनीपेक्षा चांगला बसला. हे ती स्वतः सांगायची. आणि याच चुलीपाशी ती मला "ताई, तुमी" वरून "शालू, तू" वर आली. चार माणसांत ती मला तुमी म्हणायची, कारण मी नणंद. वयानं लहान असले तरी मान माझा. पण दोघीच असलो की तू. मला बहीण नव्हती. ते "तू" ऐकण्याची मी दिवसभर वाट बघायची. शाळेतलं, मैत्रिणींचं, मनातलं, सगळं मी तिला सांगितलं. मला मास्तरीण व्हायचं होतं हे घरात सर्वांत आधी तिला कळलं.

बाबांना ते मी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सांगितलं. ते खुशीत होते. "बारावी कर," ते म्हणाले, "मंग भंडाऱ्याले डी.एड.ले टाकतो तुले. माझ्या पोरीनं खुर्चीवर बसून शिकवाचं." हे ते दादासमोर, वैनीसमोर, आमच्या शेजाऱ्यांसमोर बोलले. मी त्या शब्दावर उभी राहिले. आजकालच्या मुलींना हे सांगितलं की त्या विचारतात, फक्त शब्दावर? हो बाई, फक्त शब्दावर. आमच्याकडे धानाचे सौदे शब्दावर व्हायचे. मुलीचा सौदा वेगळा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बारावीच्या वर्षात पावसाळा संपता संपता मला पाहायला पवनीचे लोक आले. रीतसर कार्यक्रम: पोहे, साडी, मान खाली. त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, "स्वयंपाक येते काय?" मी मान वर करून म्हणाले, "येते. पण मले डी.एड. कराचं हाय. दोन वर्षं थांबत असान तं पोहे खा, नाईतर थंडे होऊन राहिले." त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. माय रडली, दादा ओरडला. बाबा मात्र उठून शेताकडे निघून गेले, आणि वैनी चुलीपाशी मला म्हणाली, "शाब्बास. तू नको भिऊ. मी हावो ना." त्यानंतर घरात कुणी माझ्या लग्नाचा विषय काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले. मी जोमानं अभ्यासाला लागले. दिवाळी गेली, कापणी झाली, घरात नव्या तांदळाचा वास भरला, आणि मी ओसरीवर बसून पुस्तकं पाठ करत राहिले.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी वैनी म्हणाली, दादाच्या धानाच्या धंद्यातले ओळखीचे एक जण, सिहोऱ्याचे राइस मिलवाले, घरची माणसं घेऊन पवनीला देवाला आले आहेत. परत जाताना चहाला थांबणार. ठीक. असे लोक यायचेच. मी घरच्या जुन्या परकरात होते, केसांना तेल, हाताला शाई. कुणी मला साडी नेस म्हटलं नाही. पोह्यांची तयारी तर नव्हतीच. पोह्यांचा डबा फळीवरून खाली आलेला नव्हता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या मनाला कसलीही शंका शिवली नाही. पवनीच्या पोह्यांनंतर आमच्या घरात मी एवढंच शिकले होते: पोहे नाहीत म्हणजे पाहणी नाही.

मग वैनी चुलीपाशी आली आणि म्हणाली, "ताई, आज तुमी पाहुण्यांले दाबरोटी करून चारा."

मी हसले. "शिळं? पाहुण्यांले? माय चुलीत घालन मले."

"मायचं मी पाहतो. शहरासारखं कायतरी खाऊ घाला लोकांले. तुमच्या हातची."

दोघीच होतो आम्ही. तिसरं माणूस नव्हतं. आणि ती मला तुमी म्हणाली. एकदा नव्हे, दर वाक्यात. आज ते शब्द मी एकेक करून मोजते. तेव्हा वाटलं, पाहुणे यायचेत, गडबडीत असेल. मी मायला विचारायला अंगणात गेले. माय तांदूळ पाखडत होती. पाहुण्यांना शिळं म्हटल्यावर जिनं घर डोक्यावर घ्यायला हवं होतं, ती सुपाकडेच बघत राहिली. मी आत येऊन पातेल्यांची झाकणं उघडली. लाखोळीची डाळ पातेलं भरून होती. वांग्याची भाजी कढईभर. आदल्या रात्री घरात काही जास्तीची माणसं जेवली नव्हती, मग एवढं उरलं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला आनंद झाला. भरपूर आहे, सगळ्यांना पुरेल, म्हणून आनंद!

मी कधी केल्या नसतील अशा दाबरोट्या त्या दिवशी केल्या. कोळसा नीट पसरून, लोणी सढळ हातानं लावून, प्रत्येकीचा आवाज ऐकून. समोरच्या खोलीत मिलवाले, त्यांची बायको आणि बाबा-दादा बसले होते. वैनी आत-बाहेर ताटल्या नेत होती. बाहेरून कौतुक ऐकू येत होतं. ओसरीवर त्यांच्या जीपचा ड्रायव्हर एकटाच बसला होता, पांढऱ्या शर्टातला, तरुण, हडकुळा. ड्रायव्हर लोकांची नेहमी आबाळ होते, मालक आत खातात आणि ते बाहेर विडी ओढत बसतात, म्हणून मी स्वतः ताटली घेऊन गेले. त्यात दोन ठेवल्या होत्या.

त्यानं एक खाल्ली आणि विचारलं, "याच्यात काय हाय?"

"कालचं हाय सगळं," मी म्हणाले. ड्रायव्हरशी लाजायचं काय कारण? "लाखोळीची डाळ, शिळा भात, वांगे. तुमच्या मालकाले सांगू नोका बरं. शहराची चीज समजून खाऊन राहिले ते."

तो हसला. "कोणं केलं?"

"मी."

"आन हे पुस्तकं कोणाचे हायेत?"

"माझेच. डी.एड.ले जाणार हावो मी भंडाऱ्याले." त्यानं पुस्तकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुसरी दाबरोटी उचलली. त्याला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

थोड्या वेळानं वैनीनं मला समोर बोलावलं. मिलवाल्यांची बायको म्हणाली, "ये बाई." तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू. मग तिनं माझ्या ओंजळीत नारळ ठेवला. मला वाटलं, पवनीच्या देवाचा. मी वाकून नमस्कार केला. मिलवाले बाबांना म्हणत होते, "शिळ्याचं सोनं करते पोरगी. आमच्या घरात अन्न वाया जात नाई, अशीच पाह्यजे." आणि ती बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पोरगी आमची झाली." मग दाराकडे वळून तिनं हाक मारली, "बाळा, आत ये, पाया पड." आणि ओसरीवरचा ड्रायव्हर आत आला आणि माझ्या बाबांच्या पाया पडला.

मी वैनीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातात साखरेनं भरलेली वाटी होती. वाटायची साखर. ती आधीच भरून ठेवलेली होती.

जीप गेल्यावर मी चुलीपाशी गेले. पातेलं तिथंच पडलं होतं, तळाशी अजून डाळ होती, आणि तिच्याकडे बघता बघता मला समजलं. ते उरलं नव्हतं, उरवलं होतं. आदल्या दिवशी माझी माय, जिनं जन्मभर अंदाज चुकून जास्त रांधलं, तिनं त्या एका रात्री अंदाज घेऊन जास्त रांधलं होतं. मला पाहुण्यांसमोर बसवायला पोहे चालले नाहीत, म्हणून माझ्याच हातची गोष्ट माझ्यासमोर मांडली होती. एक फसवणूक एकट्या माणसाला करता येते. ही पातेलंभर होती, सगळ्या घरानं मिळून रांधलेली.

"तुमाले माहीत होतं?" मी वैनीला विचारलं. तिला तुमी म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ.

ती खाली बसली. "तुले सांगतलं असतं तं तू बसली असती काय?" आता माणसं गेली होती, आता मी पुन्हा तू झाले होते. "शालू, आयक. बाबांनी डी.एड.चं दिवाळीतच सोडून देलं. भंडाऱ्याले एकटी पोरगी ठेवाची नाई म्हणतात. मी भांडली, तुह्यी शपथ. मंग मले वाटलं, कोठं तरी देणारच हायेत, तं चांगल्या घरी तरी जावो. पोरगा चांगला हाय. थे लोक शिकवतो म्हणतात."

"दिवाळीत?" मी म्हणाले. मला बाकी काही ऐकूच आलं नाही. दिवाळीपासून मी ओसरीवर बसून वाचत होते, आणि ती रोज माझ्यापुढे चहा आणून ठेवत होती, आणि म्हणत होती, वाच वाच. "आन तुमी मले वाच म्हणत होत्या."

ती चुलीतली राख सारू लागली. मी बाबांकडे गेले. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "बाबा, तुमी बोलले होते," मी म्हणाले. त्यांनी वर न बघता सांगितलं, "अवं, थे लोकही शिकवतील ना. शिकलेले लोक हायेत." आणि सुपारी कातरत राहिले. माझे बाबा वाईट नव्हते. लोक मला सांगतात, त्या काळात असंच होतं, त्यांचाही नाइलाज असेल. असेल. पण त्यांनी त्या वेळी एकदा वर बघायला हवं होतं. बाप गेल्याला इतकी वर्षं झाली, माझा हा हट्ट काही गेला नाही.

बारावीची परीक्षा मी दिली. साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, वैशाखात लग्न झालं. निकाल लागला तेव्हा मी सिहोऱ्याला होते. मार्क चांगले पडले, आणि माझ्या सासऱ्यांनी मिलमध्ये पेढे वाटले. शिकवणं पेढ्यांवर थांबलं. नवऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मी ड्रायव्हर समजून बोलून राहिली होती, तं तुमी सांगितलं काहून नाई?" तो म्हणाला, "तू इतकी मोकळी बोलून राहिली होती. सांगितलं असतं तं आत पळून गेली असती." खरं आहे. पळूनच गेले असते. माणूस शांत आहे, हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. आमचा संसार झाला तसा झाला. पण त्या ओसरीवर एक वाक्य बोलायचं त्याच्याकडून राहिलं, ते राहिलंच.

माझ्या रुखवतात वैनीनं तो टोस्टर मांडला होता. दांड्यांना लाल फीत बांधून, राखेनं घासून चकचकीत केलेला. तिला काय वाटलं असेल? मी त्याच्याकडे पाहून आनंदानं रडेन? सिहोऱ्याला लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी पै-पाहुणे जमले होते, तेव्हा सासूबाईंनी तो खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सूनबाई, ते तुमची दाबरोटी चारा ना सगळ्यांले. त्या एका रोटीवर तं पसंत केलं आमी तुमाले."

मी टोस्टर हातात घेतला. त्याचं वजन माझ्या मनगटाला पाठ होतं. मी म्हणाले, "मले नाई येत."

"आं? आन त्या दिवशी?"

"थे वैनीनं केली होती."

बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. माझा नवरा दारात चपला घालत होता. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. ओसरीवर "कोणं केलं" असं त्यानंच विचारलं होतं, आणि "मी" हे उत्तर त्यानंच ऐकलं होतं. त्यानं चपला घातल्या आणि तो मिलकडे निघून गेला. गप्प राहणं त्याला चांगलं जमतं. त्या दिवशी ते माझ्या कामी आलं. तेव्हापासून आमच्या घरात अड्याळवाल्यांनी फसवून पोरगी दिली, दुसरीच्या हातचं चारून, असं अधूनमधून बोललं जाई. ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं का होईना, कुणीतरी म्हणत होतं की फसवणूक झाली.

माझ्या डोहाळजेवणाला वैनी आली. हिरवी साडी, हिरवा चुडा, दाराला केळीचे खांब. पंगत बसली तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांसमोर तिला गाठलं. "काय वं बाई, पोरगी पाहाले आलो तवा दाबरोटी कोणं केली होती? खरं सांगाचं." माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती खरं बोलली असती तर त्या घरात माझी खोटारडी म्हणून किंमत झाली असती, आणि पोटातल्या लेकराला घेऊन मला तिथंच जन्म काढायचा होता. वैनीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"मी," ती म्हणाली. "ताईले कुठं येते! तिले तं चूलही धड पेटवता येत नव्हती."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाईंनी तिला दुसऱ्यांदा भात वाढला नाही, आणि परतीच्या वेळी तिच्या कपाळाला कुंकू मोलकरणीकडून लाववलं. तिनं ते लावून घेतलं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. माझ्या हाती माझं म्हणून जे एक उरलं होतं, चर्र आवाज ऐकून उलटायची ती एक विद्या, तीसुद्धा ती भर पंगतीत माझ्या संमतीनं आपल्या नावावर करून घेऊन चालली होती.

मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. दादा तिकिटाच्या गर्दीत होता. ती खिडकीशी बसली आणि गजांतून हात काढून तिनं माझा हात धरला. हात तसाच होता, बोटांच्या टोकांना चटके बसून जाड झालेला. "शालू," ती हळूच म्हणाली, "लोकांसाठी नोको करू. पण एकटी असशील, काई उरलं असन, तं आपल्यापुरती एक करून खात जा. तुह्यासारखी मलेही नाई जमत."

गाडी सुरू झाली होती. मी हात सोडवून घेतला.

"मले येत नाई," मी तिला म्हणाले.